मुल्कियावरचं नाव

फुजैरा
१४ जानेवारी २००५

चि. धनंजय,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटू देऊ नकोस. सत्तावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर माझे कान आता शोभेपुरते उरलेत. मागे तू फोनवर बराच वेळ काहीतरी सांगत होतास आणि मी हसून ‘छान, छान’ म्हणत होतो. नंतर कळलं की तू विनिताच्या ऑपरेशनचं सांगत होतास. कागदावर निदान चुकीच्या जागी हसायला होत नाही. ती आता बरी असेल अशी आशा करतो.

कामाचं लिहितो. ३० जूनला माझा व्हिसा संपतोय. साठी झाली, कंपनी ठेवणार नाही आणि मलाही राहायचं नाही. पूर्णगडला तुझी नर्मदावहिनी वाट बघून बघून आता वाट बघायचीही थांबली आहे. जाण्याआधी एकच गोष्ट करायची राहिली आहे आणि ती तुझ्या सहीवाचून अडली आहे.

चौऱ्याण्णव साली आमच्या कंपनीच्या क्लाउस साहेबांनी मला पंपाच्या कामासाठी तीन आठवडे जर्मनीला नेलं होतं, ते तुला आठवत असेल. एका रविवारी त्यांनी मला तिथला तो जगात नावाजलेला रेसट्रॅक दाखवला. डोंगरातून फिरणारा वीस किलोमीटरचा रस्ता. शर्यत नसेल त्या दिवशी कोणीही तिकीट काढावं आणि आपली स्वतःची गाडी आत घालावी. एक पाववाला आपली व्हॅन घेऊन आला होता, दारावर पीठ तसंच होतं. नवरा-बायको, निवृत्त मास्तर, सगळे आपापल्या गाड्यांतून. साहेब म्हणाले, चल, माझ्या गाडीत बस. मी नको म्हटलं आणि चार तास कुंपणाला धरून उभा राहिलो. दुसऱ्याच्या गाडीत बसून जन्म गेला होता, तिथं तरी तसं जायचं नव्हतं. पुढं दोन वर्षांनी वापरलेली कोरोला घेतली ती मनात हे धरूनच.

आता दुबईतही तसा ट्रॅक झाला आहे. ठरावीक शुक्रवारी आपली गाडी घेऊन जाता येतं. वीस मिनिटं आत. लायसन्स लागतं, हेल्मेट लागतं आणि मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड लागतं. माझ्या कोरोलाच्या मुल्कियावर नाव तुझ्या कंपनीचं आहे. त्या वेळी माझ्या लेबर कार्डावर ‘मजूर’ लिहिलेलं होतं, मजुराच्या नावावर गाडी होईना, म्हणून पैसे माझे आणि नाव तुझं असं केलं. २००१ मध्ये मी फोरमन झालो तेव्हा नाव बदलून घेऊ म्हणालो, तर तू म्हणालास, दादा, आपल्यात कागद कसले. मीही गप्प बसलो.

तर आता एकच कागद दे. लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्यात लिही की ही गाडी रामचंद्र यांची आहे, सोयीसाठी आमच्या नावावर आहे, त्यांना ट्रॅकवर नेण्यास आमची हरकत नाही. तीन ओळी. मला शर्यत लावायची नाही. आत जायचं आहे, सुखरूप बाहेर यायचं आहे आणि मग घरी जायचं आहे.

तुझा
रामदादा

•

दुबई मरीना
२ फेब्रुवारी २००५

ती. रामदादांना धनंजयचा नमस्कार.

पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं पत्र ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं, दर्शनाने तर त्याचा फोटो काढला. विनिता एकदम ओके आहे, काळजी नको.

रेसट्रॅकचं वाचून आधी हसू आलं, मग टेन्शन आलं. दादा, तुमचं वय साठ, गाडीचं बारा. काही झालं तर लायबिलिटी कोणाची? गाडी कंपनीच्या नावावर, म्हणजे पोलीस माझ्या दारात. मी नाही म्हणत नाहीये हं. तुम्ही कधी काही मागत नाही, मला कळतं ते. पण आपण सिस्टिमने जाऊ. असं करा, गाडी कशी तयार करायची, आत गेल्यावर कशी चालवायची, काय टाळायचं, हे सगळं मला डिटेलमध्ये लिहून पाठवा. माझं समाधान झालं की लेटर लगेच. वर्डिंग काय ठेवायचं ते वकिलाला विचारून बघू.

बाकी इकडे धावपळ. ऑफिस नव्या टॉवरमध्ये हलवलं. प्रणवला एकविसाव्या वाढदिवसाला नवी गाडी घेऊन दिली, एक लाख दहा हजार दिरहॅम, म्हणजे आपले तेरा लाख झाले. त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो, ‘वॉव, अंकल इज सो कूल.’ मराठी वाचता येत नाही त्याला, पण समजतं.

तब्येत सांभाळा.

तुमचा
धनंजय

•

फुजैरा
११ फेब्रुवारी २००५

चि. धनंजय,

तुझं समाधान करायचं म्हणजे जरा लांबण लागेल. पण विचारलंस याचं बरं वाटलं. इतक्या वर्षांत तू मला कामातलं काही विचारल्याचं आठवत नाही. वाळूच्या मैदानात क्लच सोडायला शिकत होतास तेव्हाचं शेवटचं. तेव्हा तुझ्या हातून गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि तू खोलीवर येऊन सांगायचास की गाडीच खराब आहे.

मी दोन शुक्रवार बसने दुबईला जाऊन ट्रॅकवर नुसता बघत बसलो. तिथं हमदुल्ला भेटला. पूर्वी आमच्या बंदरावर तेलाचा टँकर चालवायचा, तुलाही ओळखतो, आता वळणावर उभा राहून झेंडे दाखवतो. त्याच्याकडून झेंडे पाठ करून घेतले. पिवळा दिसला की पुढं कोणीतरी अडकलं आहे, पाय काढायचा, कोणाला मागं टाकायचं नाही. लाल दिसला की हळूहळू बाहेर यायचं. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आली आहे, तिला वाट द्यायची. हमदुल्ला कानाशी येऊन म्हणाला, ‘चाचा, लोग आगे देखते हैं, शीशा कोई नहीं देखता.’ मी आरसा बघणार. साठीच्या माणसाला मागं टाकलं जायची सवय असते, त्यात मला कमीपणा नाही.

आता गाडी. घात करतं ते इंजिन नव्हे, ब्रेक. ब्रेकचं तेल जुनं झालं की त्यात पाणी धरतं. ट्रॅकवर चार वळणं जोरात दाबलं की ते पाणी उकळतं आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. म्हणून तेल नवं भरलं, जुनं काढलं तर चहासारखं काळं निघालं. पॅड निम्म्याच्या वर हवेत, मी नवे घातले. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात ते एका बाजूला पळतं. चाकांचे नट पान्याने मोजून आवळले. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजायची आणि चार फेऱ्यांनी बाहेर येऊन परत मोजायची, गरम झाली की ती चढते.

मग गाडी रिकामी करायची. हे लोक हसण्यावारी नेतात. जॅक, स्टेपनी, पाण्याची बाटली, पायाखालचं मॅटसुद्धा. मॅट सरकून पेडलखाली गेलं तर ब्रेक दाबला जात नाही. मी सगळं काढलं आणि गाडी रिकामी झाली म्हणून खूश झालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर डॅशबोर्डवर गणपती आणि सीटखाली दसऱ्याच्या पूजेचा नारळ. दोन्ही नजरेसमोर असून दिसले नव्हते. आपल्या माणसांना ते सामान वाटतच नाही ना. पण नारळ गोल आहे आणि तो पेडलखाली जाताना पूजेचा आहे म्हणून थांबणार नाही. गणपती पितळेचा आहे, जोराचा ब्रेक लागला तर तोच कपाळात बसायचा. त्या दिवसापुरते दोघांनाही गाडीतून उतरवून खोलीवर ठेवणार आहे, राग आला तरी.

बसायचं कसं तेही लिहितो. पाठ सीटला पूर्ण टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडलं पाहिजे. तू बसतोस तसं शेखासारखं रेलून नाही. ब्रेक सरळ रस्त्यावर, गाडी सरळ असताना लावायचा, वळणात शिरल्यावर नाही. हळू आत जायचं, नजर वळण संपतं तिथं. पहिली फेरी सावकाश, टायर आणि माणूस दोघंही गरम व्हायला वेळ लागतो. शेवटची फेरीही सावकाश, ब्रेक थंड व्हायला. थांबल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, तापलेले ब्रेक धरून बसतात. गिअरमध्ये ठेवायची. आणि घड्याळ लावायचं नाही, बाजूला कोणाला बसवायचं नाही. सगळे अपघात कोणाला तरी दाखवण्यासाठी होतात.

एवढ्यानं तुझं समाधान व्हावं. पत्रात काय लिहायचं ते मी तुला आधीच लिहिलं आहे, तेच लिही.

रामदादा

•

दुबई मरीना
२४ फेब्रुवारी २००५

ती. रामदादा,

काय लिहिलंय तुम्ही, फर्स्ट क्लास. मी दोनदा वाचलं. आता थोडे डाउट्स आहेत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर काय करायचं? गाडीला ताकद जास्त असेल, मागच्या चाकांना पॉवर असेल आणि वळणात मागचा भाग सुटला तर? रुंद टायरला हवा किती? मी आपला अभ्यास म्हणून विचारतोय.

दुसरं, कोरोलाचं मुल्किया एप्रिलअखेर संपतंय. रिन्यूअलसाठी ओरिजिनल कार्ड लागेल. आमचा दगडू शनिवारी व्हॅन घेऊन फुजैऱ्याला मासळीला येतो, त्याच्याकडे द्या. लेटरचं काम त्याच्यासोबतच उरकतो. खलास.

धनंजय

•

फुजैरा
४ मार्च २००५

चि. धनंजय,

कोरोलाला ऑटोमॅटिक गिअर नाही, मागच्या चाकांना ताकद नाही आणि तिचे टायर सायकलपेक्षा थोडे रुंद आहेत, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे तू माझी परीक्षा घेतोयस. घे. लायसन्सच्या टेस्टला तू तीनदा नापास झालास तेव्हा दर वेळी तुला बिर्याणी खाऊ घालणारा मीच होतो, त्याचा सूड समजतो.

ऑटोमॅटिक असेल तर गिअर खालच्यावर धरून ठेवायचा, वळणाच्या मध्येच त्याने बदलता कामा नये. मागचा भाग सुटला तर घाबरून पाय एकदम काढायचा नाही, त्यानं तो आणखी सुटतो. जिकडे जायचं तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे जातात. खड्ड्याकडे बघितलं तर खड्ड्यातच जाणार. गाडी फिरलीच तर ब्रेक पूर्ण दाबून ती थांबेपर्यंत सोडायचा नाही आणि क्लच असेल तर तोही दाबायचा. रुंद टायरची हवा दाराच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते, तिथून सुरुवात करायची. आणि नवशिक्या तरुणाला ताकदवान गाडी दिली तर पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी शिकवणारा बसवायचा. तिथं भाड्याने मिळतात. शेजारी बसवायचा तो एवढाच.

मुल्किया दगडूकडे दिलं आहे. झेरॉक्स जवळ ठेवली. २२ एप्रिलच्या शुक्रवारची सकाळची दहाची वेळ घेतली, साडेतीनशे दिरहॅम भरले. बेचाळीसशे रुपये होतात. नर्मदेला सांगितलं नाही. सांगेन तेव्हा फोटोसकट सांगेन.

कार्ड येईपर्यंत गाडी बाहेर काढणार नाही. वाहतूक पोलिसाशी हुज्जत घालायला मला ऐकू यावं लागतं.

रामदादा

•

दुबई मरीना
९ एप्रिल २००५

ती. रामदादा,

उत्तराला फार उशीर झाला, सॉरी. क्लायंट्स, ऑडिट, एकेक चालूच आहे. तुमचं काम माझ्या डोक्यात आहे. लेटर आणि रिन्यू केलेलं मुल्किया मी डायरेक्ट ट्रॅकच्या काउंटरवर पोचवतो, म्हणजे मध्ये हरवायला नको. तुम्ही २२ ला फक्त गाडी घेऊन तिथे या. इन्शाल्ला सगळं रेडी असेल. एन्जॉय करा.

धनंजय

•

फुजैरा
२३ एप्रिल २००५

धनंजय,

काल पहाटे उठून अंघोळ केली, गणपतीला खोलीतल्या कपाटावर बसवलं, नारळ त्याच्याजवळ ठेवला आणि निघालो. झेरॉक्सवर सव्वाशे किलोमीटर गेलो. साडेनऊला काउंटरवर होतो. माझ्या नावाचं तिथं काही नव्हतं. त्या फिलिपिनो मुलीनं खण उघडून दाखवले, बिचारीनं टेबलाखालीही बघितलं. तुला सात वेळा फोन लावला. दर वेळी तिच्याच कानाला लावून दिला. वाजत राहिला.

दहा वाजले, माझ्या वेळेच्या गाड्या आत गेल्या. पिवळी एक होती, हिरवी एक होती. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसलो. दुपारी हमदुल्ला जेवायला आला. मला बघून म्हणाला, ‘चाचा, आपका भाई आया था पहली तारीख को. बारा गाड़ी, सब सूटबूटवाले. लड़का अच्छा चलाता है.’ मग खिशातून घडी घातलेला एक छापील कागद काढून म्हणाला की हा तेव्हा सगळ्यांना वाटला होता, गंमत म्हणून ठेवला आहे. वर तुझ्या कंपनीचं चिन्ह. खाली इंग्रजीत नियम. मला इंग्रजी कामापुरतं वाचता येतं. ब्रेकचं तेल होतं. मनगट होतं. पहिली फेरी आणि शेवटची फेरी होती. ऑटोमॅटिक होतं. हमदुल्लानं बोट ठेवून दाखवलं, ‘ये कौन लिखा होगा चाचा, बोलता है खुदा को भी गाड़ी से उतारो, नारियल को भी.’ आणि तो हसला. सगळ्या पाहुण्यांना तोच नियम आवडला म्हणे. शेवटी नाव होतं. तुझं.

मी कागदाची घडी घातली आणि त्याला परत दिला. 

तू लिहून घेतलंस त्याचा मला राग नाही. प्रणव नीट चालवतो हे ऐकून खरंच बरं वाटलं, शेजारी शिकवणारा बसवला होता का ते कळव. तू नाही म्हणाला असतास तर मी भांडलो असतो आणि भांडण झालं की माणूस मोकळा होतो. तू नाही म्हणाला नाहीस. तू विसरलास. पहिल्या तारखेला त्याच काउंटरसमोर उभा राहून तुला आठवलं नाही की इथं तीन ओळींचा एक कागद द्यायचा आहे. फुजैऱ्याच्या खोलीत तू माझ्या खालच्या बंकवर चार वर्षं झोपायचास. रात्रभर बडबडायचास आणि सकाळी मलाच विचारायचास, दादा, मी काय म्हणालो. मला तेही आठवतं.

मुल्किया परत पाठव. बाकी काही नको.

रामचंद्र

•

दुबई मरीना
१२ मे २००५

ती. रामदादा,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. विनिता माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. खरं सांगतो, लेटर टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, सही बाकी होती आणि मी अबुधाबीला टेंडरला गेलो. फोन सायलेंटवर होता. पहिल्या तारखेचं म्हणाल तर तो कंपनीचा इव्हेंट होता, क्लायंट्स होते, तुम्हाला तिथे ऑकवर्ड झालं असतं असं मला वाटलं. आणि ते नियम म्हणजे जनरल नॉलेजच आहे ना दादा, इंटरनेटवर सगळं मिळतं. नाव छापायचं ते दर्शनाने छापलं, मी बघितलंही नाही. हो, प्रणवच्या शेजारी इन्स्ट्रक्टर होता.

आता हे घ्या. १७ जूनचा स्लॉट मी स्वतः बुक केलाय, पैसेही मीच भरलेत. नवं मुल्किया आणि लेटर सोबत आहे, सही-शिक्क्यासह. वर्डिंगचं मात्र समजून घ्या. तुम्ही म्हणता तसं ‘गाडी त्यांची आहे’ असं लिहिता येत नाही. पार्टनर विचारेल की मग नऊ वर्षं आपल्या लिस्टमध्ये कशी? ऑडिटर विचारेल. म्हणून वकिलाने ‘कंपनीचे वाहन, कंपनीने अधिकृत केलेला चालक’ असं घातलंय. नुसता फॉर्मॅट आहे तो. तुम्हाला आत जायला मिळाल्याशी मतलब. आपल्यात कागद कसले, दादा.

जाण्याआधी एक दिवस जेवायला या. प्रणवने ‘सॉरी’ सांगितलंय.

तुमचा
धनंजय

•

दुबई मरीना, तुझ्या बिल्डिंगखाली
१७ जून २००५

चि. धनंजय,

ही चिठ्ठी गाडीत बसून लिहितोय. वर आलो नाही. वॉचमन म्हणतो तुम्ही सगळे घरीच आहात, तेव्हा तुला शोधत होतो असं म्हणायची सोय नाही.

महिनाभर विचार केला. रागात राहिलो तर कुंपणाशीच राहीन, असं स्वतःला बजावलं आणि आज सकाळी तुझं पत्र घेऊन गेलो. हवा मोजली, तेल बघितलं, गाडी रिकामी केली. सीट एक घर पुढं घेतली. काउंटरवरची ती मुलगी मला ओळखून उभी राहिली. हेल्मेट घालून मी रांगेत चौथा होतो. पुढच्या तिघांनी इंजिनं सुरू केली तो आवाज मला ऐकू आला. कानातून नाही, सीटमधून आला.

तेवढ्यात एक पोरगा खिडकीपाशी फॉर्म घेऊन आला. सुरक्षिततेचा फॉर्म, सगळ्यांनाच भरावा लागतो. नाव, रक्तगट, घरचा फोन. खाली प्रश्न होता, ही गाडी तुमची स्वतःची आहे का. हो आणि नाही, दोन चौकोन. मी पेन घेतलं. ‘हो’वर खूण केली तर तुझा कागद मला खोटा पाडतो. ‘नाही’वर केली तर मीच मला खोटा पाडतो. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला असावा, कारण तो पोरगा मागं वळून हाताने थांबा म्हणत होता. मग खिडकीत वाकून मला ओरडून म्हणाला, ‘अंकल, नो टिक कर दो, लेटर है ना, कोई प्रॉब्लेम नहीं.’ त्याचं बरोबर होतं. काहीच अडचण नव्हती. ‘नाही’वर खूण करायची, दोन सेकंदांचं काम, आणि समोर तो रस्ता.

मी फॉर्म त्याला परत दिला आणि गाडी रांगेतून काढली. हमदुल्ला पहिल्या वळणावर उभा होता, त्याला वाटलं मला बरं वाटत नाही. त्यानं लांबून हात केला, मीही केला. अकरा वर्षं मनात धरलेली गोष्ट सोडायला मला एवढाच वेळ लागला. रडू आलं, ते हेल्मेट असल्यामुळं कोणाला दिसलं नाही. हेल्मेटचा तेवढा उपयोग झाला.

माझं विमान २८ तारखेला आहे. जेवायला येत नाही. विनितावर माझा राग नाही, प्रणववर तर अजिबात नाही. त्याला सांग, आरसा बघत जा.

कोरोला तुझ्या जागेवर लावली आहे. कंपनीचं वाहन कंपनीच्या दारात. चावी आणि मुल्किया वॉचमनकडे. ब्रेकचं तेल नवं आहे, पॅड नवे आहेत, स्टेपनी आणि जॅक डिकीत परत ठेवलेत. इथवर उन्हात आलो, ब्रेक तापलेत, म्हणून हँडब्रेक लावलेला नाही. पहिल्या गिअरमध्ये आहे. जो कोणी सुरू करेल त्याला आधी क्लच दाबायला सांग, नाहीतर उडी मारेल. तुला ते माहीत आहे.

डॅशबोर्डवर मधोमध गोंदाचा गोल डाग दिसेल. तो पुसून जात नाही, मी प्रयत्न केला. तिथं गणपती असायचा. सकाळी खोलीवर ठेवला तो आता पुन्हा त्या जागी बसणार नाही. मुल्कियात त्याची नोंद नव्हती, म्हणून तेवढा माझा समजून घेऊन चाललो आहे.

रामचंद्र